रात्र कशी गेली?

युगांडाच्या बुन्योरो भागात सकाळी कुणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘ओराइरे ओटा?’ म्हणजे, रात्र कशी गेली? आपण ‘काय, बरंय ना?’ म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो, तसंच ते. तिथे राहायला गेले तेव्हा भाजीवाली, दूधवाला, गेटवरचा वॉचमन सगळ्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि पाठ करून टाकलं. त्यातला प्रश्न मात्र मला ऐकू आला तो बऱ्याच महिन्यांनी, एका मातीच्या घरात, चटईवर पडलेल्या बाईच्या उशाशी बसून.

मी मूळची वाळवे तालुक्यातली, म्हणजे उसातलीच. वडील कारखान्याच्या काट्यावर होते, नवरा केमिस्ट. २०१५ साली तो मासिंदीजवळच्या एका साखर कारखान्यात रुजू झाला आणि मागोमाग मी गेले. आमच्या कॉलनीत चार मराठी घरं होती, गणपती बसायचा, पुरणाची डाळ कंपालाहून मागवली जायची. मी पाठवलेला पहिला फोटो बघून आई म्हणाली, “अगं, हे तर आपलंच शिवार दिसतंय. तू गेलीस तरी कुठं?” ऊस सारखाच असतो. मळीचा वासही सारखाच. पण उसाची हद्द संपली की लाल मातीचा रस्ता, केळीची बनं, पत्र्याखालची कुडाची घरं, अंगणात वाळत घातलेले कसाव्याचे कंद. तिथून पुढे आपलं काहीच नाही, असं मला सुरुवातीला वाटायचं.

तिथल्या माणसांना मात्र परक्याला परकं ठेवायची सवय नाही. बुन्योरो आणि शेजारच्या टोरोमध्ये प्रत्येकाला दोन नावांखेरीज आणखी एक नाव असतं, त्याला एम्पाको म्हणतात. अशी सगळी मिळून बाराच नावं. अब्वोली, अकीकी, अत्वूकी, अदयेरी, अमूती अशी. त्यातलं एक राजासाठी राखून ठेवलेलं. बाकीची लाखो माणसं उरलेल्या नावांत सामावून घेतलेली. भेटलं की आधी एम्पाको विचारायचं आणि मग त्यानेच हाक मारायची. त्यात मानही आला आणि मायाही. आपल्याकडे नावापुढे ‘राव’, ‘ताई’, ‘अक्का’ लावतो, तसंच काहीसं, पण इथे त्या एका शब्दातच सगळं येतं. २०१३ साली युनेस्कोने ही चाल जपायला हवी म्हणून आपल्या यादीत घेतली. मला हे नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की घरकामाला येणाऱ्या अब्वोलीने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे बघून थोडा विचार केला आणि सांगून टाकलं, “तू अमूती.” बारशाला खर्च काही आला नाही.

अब्वोलीची आई अकीकी. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. निदान झालं तोवर फार पुढे गेलेला. मुलागोला, म्हणजे कंपालाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, किरणोपचारासाठी नाव लागलं होतं. देशभरात किरणोपचाराचं यंत्र एकच, तेही १९९५ च्या सुमाराचं कोबाल्टचं. एप्रिल २०१६ मध्ये ते कायमचं बंद पडलं. नवीन यंत्र बसून सुरू व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. काही रुग्णांना नैरोबीला पाठवण्याची सोय झाली म्हणतात, पण मासिंदीच्या खेड्यातली, कसाव्याचं अर्धं एकर रान असलेली बाई त्या यादीत कुठून येणार? अब्वोली आईला घेऊन बसने परत आली. आमच्याकडे भांडी घासता घासता तिने हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “ती रात्रभर ओरडते. शेजारी आता विचारायचेही थांबले.”

मी तेव्हा काय केलं असेल? पैसे दिले. अडचणीत सापडलेल्या सुशिक्षित माणसाला दुसरं काय सुचतं! तिने ते घेतले, आणि पुढच्या मंगळवारी म्हणाली, “होइमाहून हॉस्पिसची गाडी येणार आहे. तू ये, तुझी इंग्रजी लागेल.” तिला इंग्रजी माझ्याइतकीच येत होती. एकटीला भीती वाटत होती, एवढंच. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांचं दुखणं हलकं करणारी संस्था.

गाडीतून उतरली ती एकटी परिचारिका आणि चालक. परिचारिका चाळिशीची, अत्वूकी. पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी. दारातच थांबून तिने अकीकीला विचारलं, “ओराइरे ओटा, अकीकी?” आणि खाली बसली. चटईच्या कडेला, जमिनीवर. मग गप्प राहिली. उत्तर यायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ तिने दिला. रात्र कशी गेली ते अकीकीने सांगितलं: कोणत्या कुशीवर किती वेळ, कोंबडा पहिल्यांदा कधी आरवला, पाऊस केव्हा आला. अत्वूकी वहीत लिहून घेत होती. रोजचा नमस्कार तिने रुग्णतपासणीचा पहिला प्रश्न करून टाकला होता.

मग तिने स्वतःची मूठ मिटून दाखवली. मिटलेली मूठ म्हणजे दुखत नाही. एक बोट म्हणजे थोडं, दोन म्हणजे त्याहून जास्त, आणि पाचही बोटं उघडली की याहून वाईट दुखणं असूच शकत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला एक ते दहाचा आकडा कसा सांगणार? म्हणून ही हाताची पट्टी. अकीकीने पाच बोटं उघडली. थोडं थांबून दुसरा हातही वर केला.

पिशवीतून बाटली निघाली. साधी प्लास्टिकची, आत खसच्या सरबतासारखं हिरवं पाणी. हेच मॉर्फिन, अफूपासून काढलेलं जोराचं वेदनाशामक. मला वाटलं होतं काहीतरी इंजेक्शन असेल, सील असेल, पोलादी डबा असेल. मॉर्फिनची पूड, पाणी, ते नासू नये म्हणून थोडं रसायन आणि ओळख पटावी म्हणून रंग, एवढाच मसाला. हिरवं सगळ्यांत सौम्य, पाच मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम. त्याच्या दसपट कडक ते गुलाबी, त्याहून कडक निळं. बाटल्यांची अदलाबदल झाली तर जिवावर बेतेल, आणि लेबल वाचता येणारं माणूस प्रत्येक घरी असेलच असं नाही. रंग सगळ्यांना कळतो.

दर चार तासांनी द्यायचं. घरात घड्याळ नव्हतं, अब्वोलीचा मोबाइल ती कामाला जाताना घेऊन जायची. त्यात इकडे तासही वेगळे मोजतात, सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. अत्वूकी सांगत होती बारा, चार, आठ, बारा, चार, आणि मी मनात हिशेब मांडून गोंधळत होते. शेवटी तिने ते सूर्यावर, शेजारच्या रेडिओवर आणि नातीच्या शाळा सुटण्यावर बसवलं. झोपतानाचा डोस मात्र दुप्पट. मध्यरात्री कुणाला उठायला लागू नये, रुग्णालाही आणि माणसांनाही. वेदनेच्या शास्त्रात हे साधं असेल, पण माझा जीव त्या दुप्पट डोसावर अडकला. एका आजारी बाईच्या मुलीने रात्री झोपावं, याची तजवीज कुणीतरी औषधाच्या कागदावर लिहून ठेवली होती.

मॉर्फिनने पोट घट्ट होतं, त्याला उपाय पपईच्या बिया. वाळवून, कुटून, चमचाभर. दारातच झाड होतं. जखमेच्या वासाला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक करून वरून भुरभुरवायच्या. तो वास कसा असतो ते ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही घेतला त्यांना सांगून कळणार नाही. त्या वासाने नातवंडं घरात यायची थांबली होती. चार दिवसांनी धाकटी नात परत आजीच्या चटईवर येऊन बसली, असं अब्वोलीने सांगितलं. मला वाटतं, त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या मंगळवारी गेलो तर अकीकी भांडत होती. कोंबडीने अंडी कुठल्या झुडपात घातली यावरून मोठ्या नातवाला फैलावर घेतलं होतं. माणसाचं दुखणं ओसरलं की त्याच्या बारीकसारीक तक्रारी परत येतात. अत्वूकीने हात पुढे केला. अकीकीने दोन बोटं दाखवली, आणि परत कोंबडीकडे वळली.

मला घरी आल्यावर रडू आलं, ते अकीकीसाठी नव्हतं.

आमचे अण्णा २००९ साली गेले. गालाचा कॅन्सर, आयुष्यभर तंबाखूची चिमूट. शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, सहा महिन्यांनी परत उठलं. “आता घरी न्या, सेवा करा,” असं सांगून आम्हाला पाठवून दिलं. सेवा म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग जास्त जोराच्या गोळ्या, मग इंजेक्शन, तेही दोन-तीन तास टिकायचं. रात्री अण्णा टॉवेलचं टोक दातांत धरायचे आणि अधूनमधून एकच विचारायचे, “किती वाजले?” आम्ही सांगायचो. दीड. पावणेतीन. ते परत टॉवेल धरायचे. शेजारपाजारच्या बायका येऊन सांगायच्या, “भोग आहेत बाई, भोगूनच संपवायचे.” मला हे ऐकवत नसे, पण अकरा आठवड्यांत कधीतरी मीही म्हणाले, “अण्णा, सोसा थोडं.”

बत्तीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस. ट्रॅक्टर-ट्रॉली आधी भरलेली मोजायची, मग रिकामी, दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. किलोभराचा घोळ त्यांना सहन व्हायचा नाही. त्या माणसाला किती दुखतंय हे आमच्यापैकी कुणी एकदाही मोजलं नाही. मोजता येतं हेच माहीत नव्हतं.

यातली चीड आणणारी गोष्ट मला पुढे कळली. नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण, आणि ती बाहेरच्या औषध कंपन्यांनाही विकणारे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. एका बाटलीसाठी चार-पाच वेगवेगळे परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी. कायदा सैल झाला तो २०१४ साली. अण्णांना पाच वर्षं उशीर झाला. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांसाठी. देशातलं त्या प्रकारचं पहिलं. टाटा रुग्णालयातल्या एका सर्जनने उभं केलं आणि ख्रिस्ती सिस्टर्स तिथली सेवा सांभाळतात. आम्ही त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी अण्णांनी घर सोडलं नसतं. म्हणूनच होइमाची ती गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस घर सोडत नसेल तर औषधाने घरी यायचं, हे किती सरळ आहे!

हे सगळं युगांडात आलं ते अ‍ॅन मेरीमन यांच्यामुळे. जन्म लिव्हरपूलचा, १९३५ चा. तरुणपणी त्या मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी या कॅथलिक सिस्टर्सच्या संघात गेल्या, डॉक्टर झाल्या, नायजेरियातल्या मिशनच्या दवाखान्यांत राबल्या. पुढे संघ सोडला, श्रद्धा सोडली नाही. सिंगापूरमध्ये असताना त्यांना दिसलं, की ‘आता काही करता येण्यासारखं नाही’ असं सांगून कॅन्सरच्या माणसांना घरी धाडतात आणि ती घरी तळमळून मरतात. तिथल्या औषधनिर्मात्यांबरोबर बसून त्यांनी पुडीचं हे पाणी बसवलं. स्वस्त, तोंडाने घेता येणारं, फ्रिज न लागणारं. १९९० मध्ये नैरोबीला आल्या, आणि १९९३ मध्ये कंपालाला. तिथल्या न्साम्ब्या या मिशनच्या रुग्णालयाने राहायला घर दिलं. हातात पैसे होते तीन माणसांना तीन महिने पुरतील एवढे. पण मॉर्फिन आयात करायला देणार असाल तरच येते, हे त्यांनी सरकारकडून आधी कबूल करून घेतलं होतं. ही अट मला त्यांच्या सगळ्या पुण्याईपेक्षा मोठी वाटते. नुसता हात धरून बसायला त्या आल्या नव्हत्या. सुरुवातीला औषध स्वयंपाकघरातच ढवळलं जायचं. १९९८ मध्ये म्बरारा आणि होइमा इथे शाखा निघाल्या. आमच्याकडे येणारी गाडी त्यातलीच.

त्याहून मोठं काम कायद्याचं. जिल्ह्याला मोजके डॉक्टर, आणि मॉर्फिन लिहून द्यायचा हक्क फक्त त्यांना. म्हणजे औषध असून नसल्यासारखं. २००४ मध्ये युगांडाने, यासाठीचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनाही मॉर्फिन लिहून द्यायची परवानगी दिली. आफ्रिकेत असं करणारा हा पहिला देश. आता सरकार ते रुग्णांना फुकट देतं. अत्वूकीच्या वहीतल्या सहीला वजन आलं ते त्या एका बदलामुळे. आपल्याकडे आजही असं काही सुचवलं तर किती समित्या बसतील याचा अंदाज करायला मला आवडतं.

आता घरातला प्रश्न. मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा आमचे एक काका लगेच म्हणाले, “ते ठीक आहे, पण बाटवतात का गं?” हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही तो. मराठी माणूस मिशन म्हटलं की दोन गोष्टी एकदम आठवतो. एक मिरजेचा वॉन्लेस डॉक्टरांचा दवाखाना, १८९४ पासूनचा, जिथे आमच्या आजीचा जीव वाचला म्हणून ती मरेपर्यंत ‘मिशनचं औषध’ म्हटलं की हात जोडायची. आणि दुसरी, तिच्याच तोंडची, ‘पण त्यांचं पाणी प्यायचं नाही हं’. उपकार आणि संशय, दोन्ही एकाच पदराच्या गाठीला.

बुन्योरोत हा प्रश्न मुळात उलटा पडतो. तिथे बाटवायचं कुणाला? युगांडात इंग्रज मिशनरी १८७७ ला आले, फ्रेंच कॅथलिक १८७९ ला. आज दहातली आठ माणसं ख्रिस्तीच आहेत, बाकीच्यांत मुसलमान जास्त. अत्वूकी कॅथलिक, अकीकी अँग्लिकन, आणि त्याच रस्त्यावर तिचा तिसरा रुग्ण मुसलमान म्हातारा, ज्याची दुपारची वेळ ती नमाजाच्या हाकेवर बांधून द्यायची. तिला मी एकदा विचारलं, तू प्रार्थना करतेस का रुग्णांबरोबर? ती म्हणाली, “त्यांनी म्हटलं तर. आधी औषध. दुखत असताना देवाशी कोण नीट बोलतं?”

खरी ओढाताण दोन ख्रिश्चनांतच झाली. गावात एक नवा पास्टर होता, पत्र्याचं चर्च, मोठा स्पीकर. त्याने अब्वोलीला सांगितलं, की हिरवं पाणी म्हणजे नशा, श्रद्धा कमी पडते म्हणून घ्यावं लागतं. बाटली बंद कर, रात्रभराच्या प्रार्थनेला आण. हाच मनुष्य एम्पाकोच्या नावांनाही सैतानाची नावं म्हणायचा. अब्वोली डळमळली. दोन दिवस तिने आईला औषध दिलं नाही. मंगळवारी अत्वूकी आली, मुठीतली पाच बोटं परत उघडलेली बघितली, आणि मला वाटलं आता ही चिडणार. चिडली नाही. पाच मिलिलिटर मोजून पाजलं, अर्धा तास वाट बघितली, चहा घेतला, आणि मग अब्वोलीला म्हणाली, “क्रुसावर जायचं काम एकाने करून ठेवलंय. तुझ्या आईने परत कशाला?” मला आमच्या गल्लीतल्या बायका आठवल्या. भोग काय, क्रूस काय, दुसऱ्याच्या दुखण्याला मोठं नाव देऊन मोकळं होणं सगळ्या धर्मांत सारखंच सोपं आहे. आणि मीही तेच केलं होतं.

म्हणून मिशनच्या कामाबद्दल कुणी सरसकट गहिवरून बोललं की मला धाकधूक वाटते. त्याच युगांडात, जिंजामध्ये, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने देवाने बोलावलं म्हणून कुपोषित मुलांचं केंद्र काढलं. २०१० ते २०१५ या काळात तिथे शंभरावर मुलं दगावली. प्रकरण कोर्टात गेलं. तिने आरोप नाकारले, आणि २०२० साली तडजोड झाली. ती आणि मेरीमन, दोघीही ख्रिश्चन, दोघीही मनापासून आलेल्या. पण मेरीमन आल्या त्या काय येतं आणि काय येत नाही हे माहीत असलेल्या. कंपालाजवळच्या एंटेबे विमानतळावर मला दरवर्षी एकसारखे टी-शर्ट घातलेली गोरी पोरं दिसायची, दोन आठवड्यांत अनाथाश्रमाची भिंत रंगवून परत जाणारी. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत असतात. रंगारी युगांडातही मिळतात.

हॉस्पिसबद्दलही माझे आक्षेप आहेत. पैसा मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या देणग्यांचा. तो आटला की गाडीचं डिझेल आटतं. आणि दुखणं थांबवणं म्हणजे आजार थांबवणं नाही. अकीकीला वीस वर्षं आधी साधी तपासणी मिळाली असती, तर ती त्या चटईवर नसती. मी हे अत्वूकीला बोलून दाखवलं. तिला राग आला नाही. तिने धाकट्या नातीकडे बोट दाखवलं. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१५ पासून, सरकारने दहा वर्षांच्या मुलींना या कॅन्सरची लस द्यायला सुरुवात केली होती. नातीला शाळेत सुई टोचली होती आणि ती तिने आजीला फुगवून दाखवली होती, केवढी मोठी सुई म्हणून. “ते काम त्यांचं,” अत्वूकी म्हणाली, “हिच्यासाठी उशीर झाला, म्हणून हे काम माझं.”

अकीकी ऑगस्टमध्ये गेली. पहाटे, झोपेत, दुप्पट डोसानंतर. केळीच्या बागेत कडेला तिला पुरलं. ऑर्गन नाही, बँड नाही, आवाज फक्त बायकांचा. पास्टरही आला होता आणि सगळ्यांत मोठ्याने गात होता. त्याच्याबद्दल माझं मत तरीही बदललं नाही.

आठवड्याने गाडी परत आली. गेलेल्या माणसाच्या घरी एकदा जायचं, असा त्यांचा रिवाज. अत्वूकीने आधी अब्वोलीशी बराच वेळ बोलून घेतलं, मग बाटली मागितली. उरलेलं मॉर्फिन परत न्यावं लागतं, थेंबाथेंबाचा हिशेब द्यावा लागतो. तिने हिरवं पाणी मापाच्या नळीत ओतलं, नळी ओट्यावर ठेवली आणि गुडघ्यांवर वाकून, एक डोळा मिटून, पाण्याची रेघ नजरेच्या पातळीवर आणली. काट्याचा आकडा वाचताना अण्णा असेच वाकायचे. पंचेचाळीस मिलिलिटर. तिने वहीत लिहिलं, खाली सही केली, आणि साक्षीदार म्हणून वही माझ्याकडे सरकवली. माझं पासपोर्टवरचं लांबलचक नाव मी लिहायला घेतलं, तर तिने मध्येच हात धरला. “एम्पाको पण लिही. नाहीतर ही कोण, म्हणून ऑफिसात विचारतील.”

अब्वोलीला रिकामी बाटली हवी होती, रॉकेल ठेवायला. अत्वूकी नाही म्हणाली, बाटल्याही मोजलेल्या असतात. दोघींची बरीच घासाघीस झाली. शेवटी अब्वोलीने बाटलीचा नाद सोडला, दारातल्या झाडाच्या दोन पिकल्या पपया तोडल्या आणि गाडीत आणून ठेवल्या. अत्वूकीने एक हुंगून बघितली आणि चालकाला बजावलं, गर तू खा, बिया टाकू नकोस, पुढच्या घरी लागतील.